देणे

भाऊबीजेला कऱ्हाडला बहिणीकडे जायचे, हा माझा नेम गेल्या चाळीस वर्षांत क्वचितच मोडला असेल. पाटावर बसायचे, डोक्यावर टोपी नसली तर भाचीचा रुमाल घ्यायचा, आणि बहिणीने ओवाळले की तबकात पाकीट टाकायचे. बहीण ते पाकीट कधी माझ्यादेखत उघडत नाही. आत किती आहे हे ती नंतर पाहते, आणि त्या पैशांचे तिने काय केले हे मी आजवर विचारलेले नाही. एखाद्या वर्षी तिने त्याचे भांडे घेतले असेल, एखाद्या वर्षी दूधवाल्याचे बिल भागवले असेल. ओवाळणीचा हिशेब मागणारा भाऊ अजून महाराष्ट्रात जन्मायचा आहे.

यंदा ओवाळून झाले, फराळाच्या बश्या आल्या, आणि माझी भाची समोर येऊन बसली. ती बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. एरवी माझ्या बशीतल्या अनारशावर हक्क सांगणारी ही मुलगी आज गप्प होती. मी निम्मा अनारसा तिच्यापुढे सरकवला, तर ती म्हणाली, "मामा, एक विचारू? कॉलेजनं मला संशोधनासाठी पंधरा हजार रुपये दिले होते. त्यातून काहीच निघालं नाही. ते पैसे मी परत करायला हवेत का?"

घरात प्रत्येकाजवळ उत्तर तयार होते. आमचे दाजी जन्मभर बँकेत होते. ते म्हणाले, "कर्ज होतं का? नाही ना? मग परतफेड कसली?" तिच्या आजी म्हणाल्या, "घेतलेलं द्यावं ग बाई, पण खर्चून गेलेलं आणणार कुठून?" बहीण म्हणाली, "आधी चकली खा." मी स्वतः छत्तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले, तेव्हा निकालाचा शेवटचा शब्द माझा, अशा अपेक्षेने सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला मात्र चटकन काही सुचले नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर असला प्रश्न कोणी वाढू नये, हे एक. आणि दुसरे म्हणजे हाच प्रश्न पन्नास-बावन्न वर्षांपूर्वी मी स्वतःला विचारायला हवा होता आणि विचारला नव्हता, हे त्या क्षणी मला आठवले. ते पुढे सांगतो.

आधी तिचे संशोधन काय होते ते सांगायला हवे. शेवग्याच्या बियांची पूड गढूळ पाण्यात घातली की पाणी निवळते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. त्याचे कारणही कळलेले आहे. पाण्यातल्या मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाण्यात तरंगत राहतात. शेवग्याच्या बीमध्ये धन भार असलेले एक प्रथिन असते. ते या कणांना एकत्र बांधते, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन तळाशी बसतात. तुरटीही जवळजवळ हेच काम करते. माझ्या भाचीला वाटले, की कोयनेकाठच्या खेड्यांतून परसात शेवगा असतोच. तेव्हा पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढुळते त्याला ही पूड का चालू नये? तिने एक गाव निवडले, एक विहीर निवडली आणि जुलैपासून सप्टेंबरपर्यंत दर आठवड्याला एस.टी.ने जाऊन पाणी आणले. प्रत्येक वेळी चार बीकर: एकात शेवग्याची पूड, दुसऱ्यात तुरटी, तिसऱ्यात काहीच नाही, आणि चौथ्यात पूड दुप्पट. एक मिनिट जोरात ढवळायचे, वीस मिनिटे हळूहळू ढवळायचे, तासभर तसेच ठेवायचे आणि गढूळपणा मोजायचा.

त्या विहिरीच्या पाण्याचा गढूळपणा साधारण बारा एकके भरत असे. पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा एकाच्या आत असावा, दुसरी सोयच नसेल तर पाचापर्यंत चालवून घ्यावा, असे आपले भारतीय मानक सांगते. तेव्हा बारा म्हणजे वाईट; पण ओढ्याच्या पुराच्या पाण्याइतके वाईट नव्हे. तुरटीने ते तीनावर आले. शेवग्याच्या पुडीने सहावर आले. आणि ज्या तिसऱ्या बीकरमध्ये काहीच घातले नव्हते, तेही नुसते तासभर ठेवल्याने सहावरच आले! एकदा नव्हे, जवळजवळ दर आठवड्याला. जाणकारांना यात नवल वाटणार नाही. पाणी फार गढूळ असेल तर कणांची गर्दी असते, ते एकमेकांवर आदळतात आणि पुडीला पुंजके बांधायला सामान मिळते. पाणी थोडेच गढूळ असेल तर कण विरळ, भेटीगाठी कमी, आणि पूड बिचारी रिकाम्या हाताने तळाशी जाते. हे पुस्तकातून आधीच लिहिलेले आहे. तिने ते नंतर वाचले. आधी वाचायला हवे होते, हे मी तिला सांगितले. मामा असलो तरी मास्तरही आहे.

आता इथवर काही पेच नव्हता. पेच पुढे आला. अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा तिच्या मार्गदर्शक सरांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, "बारावरून सहा! निम्मा गढूळपणा गेला की. उत्तम आहे. तो तिसरा बीकर दाखवायलाच हवा असं काही नाही."

या वाक्यात खोटे काहीही नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. बारा खरे, सहा खरे. कोणताही आकडा खोडायचा नाही, बदलायचा नाही. फक्त एक बीकर मांडणीतून उचलून ठेवायचा. महाभारतात अश्वत्थामा मेला हे धर्मराज सांगतो तेव्हा त्याचेही वाक्य खोटे नव्हते. हत्ती मेलाच होता. तरीही जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या दिवशी खाली टेकला, असे व्यासांनी लिहून ठेवले आहे. आमच्या लहानपणी कीर्तनकार बुवा या प्रसंगाला येत तेव्हा हत्तीपाशी शंख वाजवून सभा हसवत असत. वय झाल्यावर मला त्या प्रसंगाचे हसू येत नाही.

आणि ते सर वाईट गृहस्थ नव्हते, हेही सांगतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या एखाद्या मुलीसाठी त्यांना पुन्हा अर्ज करायचा होता. अर्जात एक रकाना असतो: मागील प्रकल्पांची फलश्रुती. तिथे 'काही निघाले नाही' असे लिहिणारा मास्तर पुढच्या पोरीचे पंधरा हजार घालवतो. म्हणजे एका विद्यार्थिनीच्या भल्यासाठी दुसरीने बीकर लपवायचा, अशी ही गाठ आहे.

आपल्या भाषेत 'देणे' हा शब्द मोठा विलक्षण आहे. क्रियापद म्हणून वापरला तर हात सढळ होतो. नाम म्हणून वापरला तर मान खाली जाते. मी तुला देणे आणि मी तुझे देणे लागणे, दोन्हींना शब्द एकच. बहिणीच्या तबकातले देणे पहिल्या जातीचे, सावकाराचे दुसऱ्या जातीचे. विद्यार्थ्याच्या हातावर समाज जे ठेवतो ते कोणत्या जातीचे, हाच माझ्या भाचीचा प्रश्न होता.

आपल्याकडे विद्यार्थ्याला पोसण्याची रीत जुनी आहे. वार लावून जेवणारा मुलगा माझ्या आजोबांच्या घरी दर गुरुवारी येत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार लावून त्याने शाळा पुरी केली. त्याच्या ताटात वाढताना, तू पुढे कोण होणार, हे आमच्या आजीने कधी विचारल्याचे ऐकिवात नाही. निकालाच्या दिवशी तो पेढा ठेवायला आला तर आनंद. नापास झाला तर पुढच्या गुरुवारी त्याचे पान होतेच. माधुकरी मागून शिकणाऱ्या अशाच मुलांसाठी पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले. आज ते पुणे विद्यार्थी गृह या नावाने ओळखले जाते. उलट बाजूला जमशेटजी टाटांचे उदाहरण आहे. त्यांनी १८९२ साली होतकरू हिंदी तरुणांना परदेशी उच्च शिक्षणासाठी पाठवण्याचा निधी उभारला, तो दानाचा नव्हे, कर्जाचा. शिकून आलेल्याने पैसे फेडावेत, म्हणजे त्यातून पुढचा जाईल. मला दोन्ही रीती आवडतात. पहिलीत माया आहे, दुसरीत घेणाऱ्याचा मान आहे.

पण या दोन्ही रीतींत पैसा माणसाला मिळतो. वारकरी मुलाचे पोट भरते, टाटांचा विद्यार्थी बोटीत बसतो. संशोधनाला मिळणारा पैसा तसा नव्हे. तो एका प्रश्नाला मिळतो, आणि मुलगा किंवा मुलगी त्या प्रश्नाची वाहक असते. पदवीच्या वर्गातल्या पोरांना असा प्रश्न सोपवावा ही कल्पना तशी अलीकडची. पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांनी १९५७ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत भाषण केले आणि विचारले, की पहिल्या वर्षात आलेल्या मुलालाच स्वतःचे संशोधन का देऊ नये? बुद्धी ताजी असताना चार वर्षे तिला दुसऱ्यांची उत्तरे पाठ करायला लावायची आणि मग म्हणायचे, आता प्रश्न विचार! लँड यांच्याच पाठबळाने मार्गारेट मॅकव्हिकर या तरुण प्राध्यापिकेने १९६९ साली तिथे तशी योजना उभी केली. कामाबद्दल मुलांना एकतर परीक्षेत गुण मोजून मिळत किंवा वेतन मिळे. ती अजून चालू आहे.

आपल्याकडेही हे वारे आले. बंगळूरच्या विज्ञान अकादमीमार्फत मुलांना सुटीत दोन महिने शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांतून पाठवतात. १९९९ साली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना सुरू झाली, ती २०२२ साली थांबली. २००८ च्या इन्स्पायर योजनेत वर्षाला ऐंशी हजारांची शिष्यवृत्ती ठरली, तीतले वीस हजार उन्हाळ्यातल्या प्रकल्पासाठी राखलेले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने पदवीचे चौथे वर्ष आणून त्यात संशोधनाला जागा केली. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची 'आविष्कार' नावाची स्पर्धा भरते, तिच्यात मुले आपापले प्रकल्प घेऊन उतरतात. गावोगावची महाविद्यालयेही आपल्या गाठीचे दहा-पंधरा हजार काढू लागली आहेत. हे सगळे मला मनापासून चांगले वाटते. आमच्या वेळी प्रयोगवहीत उत्तर आधी लिहून मग प्रयोग करण्याची पद्धत होती.

मात्र या योजनांची तरफदारी करताना जी उदाहरणे दिली जातात त्यांच्याविषयी मला थोडे बोलायचे आहे. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने १८५६ साली ईस्टरच्या सुटीत घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन करायचा खटाटोप केला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. त्यातून कृत्रिम रंगांचा धंदा उभा राहिला. चंद्रशेखर वेंकट रामन यांचा पहिला निबंध १९०६ साली, ते अठरा वर्षांचे विद्यार्थी असताना, इंग्लंडच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझीन'मध्ये छापून आला. त्यांचे पुतणे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मद्रासच्या त्याच प्रेसिडेन्सी कॉलेजात ऑनर्सला असतानाच त्यांचा निबंध १९२९ साली रॉयल सोसायटीने छापला. उद्घाटनाच्या भाषणात हे तिघे हटकून येतात. पाहुणे म्हणतात, कोण जाणे, तुमच्यातच उद्याचा रामन बसला असेल! टाळ्या पडतात. पण हा विचार म्हणजे सोडतीच्या तिकिटाचा विचार झाला. हजार पोरांवर पैसे लावा, एक तरी रामन निघेल. उरलेल्या नऊशे नव्याण्णवांनी मग काय करायचे? त्यांनी आपला तिसरा बीकर लपवायचा, दुसरे काय! शिवाय या तिघांपैकी पर्किन घरच्या प्रयोगशाळेत राबला आणि दुसऱ्या दोघांपाशी तल्लख डोके होते. फलश्रुतीचा रकाना एकालाही भरावा लागला नव्हता.

हे सगळे मी भाचीला सांगितले आणि मग मला माझे हुकमी पान आठवले. आल्बर्ट मायकेलसन. त्या काळी समजूत अशी, की प्रकाश ईथर नावाच्या एका अदृश्य द्रव्यातून जातो आणि पृथ्वी त्या ईथरमधून धावते. तेव्हा त्या धावण्याचा वारा प्रकाशाला लागलाच पाहिजे. तो मोजायला मायकेलसनने एक नाजूक यंत्र योजले. त्यासाठी पैसा पुरवला टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी. बर्लिनमध्ये रहदारीच्या हादऱ्यांनी यंत्र थरथरे, म्हणून ते पॉट्सडॅमला नेले. १८८१ साली प्रयोग झाला, आणि वारा काही सापडला नाही. बेलसाहेबांच्या पैशांतून मिळालेले उत्तर: नाही. मायकेलसनने ते तसेच छापले. सहा वर्षांनी मोर्ले यांच्यासह अधिक काटेकोर यंत्राने पुन्हा पाहिले, तेव्हाही नाही. पुढे अवकाश आणि काळ यांविषयीच्या कल्पना उलथल्या तेव्हा त्या 'नाही'ची किंमत जगाला कळली.

हे सांगून मी विजयी मुद्रेने चकलीचा तुकडा मोडला. भाची म्हणाली, "मामा, तो मायकेलसन होता. त्याच्या 'नाही'नं जग बदललं. माझं 'नाही' तर आधीच पुस्तकात लिहिलेलं होतं. ते कुणाच्या काय उपयोगाचं?"

ती बरोबर बोलत होती. मीसुद्धा सोडतीचे तिकीटच विकत होतो, फक्त त्यावर नकाराचा छाप मारून. जे 'नाही' कोणालाच नको आहे, जे नवे नाही, गाजणार नाही, त्याचे काय? प्रश्न तिथे होता. मग मी तिला ती गोष्ट सांगितली, जी मी तिच्या आईलाही कधी सांगितली नव्हती.

मी बी.एस्सी.ला होतो ते वर्ष १९७३. आमच्या तालुक्याच्या गावातले एक कापडवाले शेठजी दरवर्षी कॉलेजातल्या एका मुलाला 'काहीतरी शोधायला' तीनशे रुपये देत. कोणतीही योजना नाही, अर्ज नाही. प्राचार्य नाव सुचवत, शेठजी गादीवरून उठून नोटा मोजून देत. त्या वर्षी ते मला मिळाले. मी ज्वारीचे बी एका क्षाराच्या पातळ द्रावणात भिजवून पेरले तर लवकर उगवते का, हे पाहायचे ठरवले. ताटांत माती भरून काही ताटांत भिजवलेले बी पेरले, काहींत कोरडे. भिजवलेले बी दीड-दोन दिवस आधी उगवले आणि रोपेही टवटवीत दिसत. पण मध्ये एका शनिवारी मी गावी गेलो आणि दोन ताटांना दोन दिवस पाणी घालायचे राहिले. परत येऊन पाहतो, तर भिजवलेले बी मोड येऊन जागच्या जागी सुकून मेलेले. शेजारचे कोरडे बी तसेच वाट पाहत पडलेले. पाणी घातल्यावर ते उगवले. मला स्वतःच्या आळसाची लाज वाटली. ती दोन ताटे मी मोरीत रिकामी केली. अहवालात त्यांचा उल्लेख केला नाही. ती माझी चूक होती, प्रयोगाचा भाग नव्हता, अशी मी मनाची समजूत घातली.

शेठजींना मी अहवाल वाचून दाखवला. ते खूश झाले. त्यांची गावाबाहेर शेती होती. पुढच्या मृगात त्यांनी चार एकरांचे बी माझ्या कृतीप्रमाणे भिजवून पेरले. पहिला पाऊस झाला होता, ओल बेताची होती. आणि नंतर पावसाने बारा दिवस तोंड दाखवले नाही. शेजाऱ्यांच्या रानात कोरडे बी दम धरून राहिले. शेठजींचे बी मोड काढून मेले. त्यांना दुबार पेरणी करावी लागली.

हे मला त्यांच्या गड्याकडून कळले. शेठजींनी मला बोलावून काही विचारले नाही. पुढे एकदा बाजारात भेटले, तेव्हा म्हणाले, "पावसापुढं कुणाचं चालतं?" आणि त्या वर्षी दुसऱ्या मुलाला त्यांनी पुन्हा तीनशे रुपये दिले. मी त्या वेळी बोललो असतो तर काय झाले असते? कदाचित ते हसले असते. मी बोललो नाही. शेठजी जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांचे तीनशे रुपये मी कधीच देणे लागत नव्हतो. ते त्यांनी दिले होते, विषय संपला. पण मोरीत रिकामी केलेली ती दोन ताटे मी त्यांचे देणे लागतो, आणि ते आता फिटण्यासारखे नाही.

खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग दाजी बँकेतल्या माणसाला शोभेल असे बोलले, आणि त्यांचे म्हणणे मला टाळता येत नाही. ते म्हणाले, "तुमचे शेठजी स्वतःच्या खिशातून देत होते. त्यांनी नुकसान सोसलं, मनाचे मोठे. पण हिच्या कॉलेजचा पैसा कुणाचा? फीचा, सरकारी अनुदानाचा. म्हणजे ज्यानं कधी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही त्याचाही. दुसऱ्याच्या पैशावर 'नाही' शोधत बसायचं आणि त्याला सचोटी म्हणायचं, हे सोपं आहे. फलश्रुतीचा रकाना कुणीतरी विचारणारच."

खरे आहे. विचारावेच. माझा वाद त्या रकान्याशी नाही, त्यात काय लिहिल्याने माणूस उत्तीर्ण होतो याच्याशी आहे. मुलीने खरेच बारा आठवडे पाणी आणले का, वही रोजच्या रोज लिहिली का, चारही बीकर मांडले का, आधी पुस्तके का वाचली नाहीत, हे खडसावून विचारा. त्यात ती नापास झाली तर खुशाल पैसे मागा. पण पूड चालली की नाही, हे तिच्या हातात नव्हते. ते त्या पाण्याच्या हातात होते. जे माणसाच्या हातात नाही ते त्याच्याकडून वसूल करायला गेले, की तो जे हातात आहे ते मोडून देतो. माझ्या मते पंधरा हजारांत समाजाने उत्तर विकत घेतलेले नसते. 'कोणीतरी नीट पाहिले' एवढा भरवसा घेतलेला असतो. तिसरा बीकर लपवला की तो भरवसा गेला, आणि तेव्हा मात्र पैसे खरोखर बुडाले. दाजींना हे पुरते पटले नाही. ते म्हणाले, "भरवसा ताळेबंदात कुठं दाखवायचा?" याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

परत करण्यापुरते म्हणाल, तर तिने एक प्रयत्न केला होता, तो तिने मग हसत हसत सांगितला. खर्च वजा जाता तिच्यापाशी अकराशे चाळीस रुपये उरले होते. काचेची भांडी, तपासणीची फी, एस.टी.ची तिकिटे, सगळ्याच्या पावत्या लावून ती उरलेले पैसे घेऊन कार्यालयात गेली. तिथले कारकून हवालदिल झाले. ते म्हणाले, "बाई, शिल्लक परत घ्यायला आमच्याकडं खातंच नाही. उपयोगिता प्रमाणपत्रावर पंधरा हजार पूर्ण दाखवायचे आहेत. झेरॉक्सचे कागद आणा नि पावती जोडा." तीन फेऱ्या झाल्यावर कोणीतरी वरिष्ठांना विचारून ती रक्कम कशीबशी जमा करून घेतली. प्रामाणिकपणाने सरकारी वहीत केवढी खाडाखोड होते पाहा!

अहवालाचे काय केलेस, असे मी विचारले. ती म्हणाली, "चारही बीकर दाखवले. सर काही बोलले नाहीत. स्पर्धेला दुसऱ्या मुलीचं नाव गेलं." हे ती सहज म्हणाली, पण तिच्या आईने तेवढ्यात तिच्या बशीत आणखी एक लाडू ठेवला, त्यावरून घरात या गोष्टीवर पुष्कळ बोलणे झाले असावे. मग जरा थांबून ती म्हणाली, "मामा, मला त्या विहिरीवरच्या आजींना सांगायचंय. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं, की शेवग्यानं पाणी साफ होतं. तेव्हा उगाच बोलून गेले. उद्या येशील माझ्याबरोबर?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही गेलो. फाट्यावर उतरून मैलभर चालावे लागते. भाताची कापणी सुरू होती. विहीर घरामागेच होती आणि आजी पायरीवर भांडी घासत बसल्या होत्या. भाचीला पाहून म्हणाल्या, "आलीस का? पाणी न्यायला?"

"न्यायला नाही, आजी. सांगायला आले."

"काय घावलं मग?"

भाची त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. म्हणाली, "शेवग्याचं काही घावलं नाही, आजी. पूड टाकली काय, न टाकली काय, तुमचं पाणी ठेवून दिलं की तेवढंच निवळतंय. मी आधी बोलले ते चुकलं. तुरटी फिरवली तर बरं होतं. आणि काहीही केलं तरी उकळूनच प्या."

आजी हसल्या. "रातभर ठिवलं की निवळतंय, ते मला ठावं हुतं की ग. पर तू कालिजातली, म्हटलं तुला जास्ती म्हाईत." मग त्यांनी मान वळवून घरात हाक मारली, "ए, ऐकलंस का? त्या बिया कुटायचं सोड आता."

सून पदराला हात पुसत बाहेर आली. जुलैपासून रोज संध्याकाळी, रानातून आल्यावर, ती खलबत्त्यात मूठभर बिया सोलून कुटत होती. तिने आत जाऊन पत्र्याचा एक डबा आणून भाचीपुढे ठेवला. वरपर्यंत भरलेला होता.

"आन् हिचं काय करू?" तिने विचारले.

भाचीने माझ्याकडे पाहिले. मी डब्यातली चिमूटभर पूड हातावर घेतली. छान बारीक कुटलेली होती.